भिंतीत तीन मीटरची वाट सोड, भाऊ

आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडला लागून एक पानठेला आहे. त्याच्या मागं कडुनिंबाचं जुनं झाड, झाडाभोवती सिमेंटचा ओटा. संध्याकाळी सहा वाजले की आम्ही चार-पाच जण तिथं जमतोच. परवाची गोष्ट कापसाच्या भावावरून निघाली आणि साडेसातला एका नकाशावर येऊन अडली, ती नऊ वाजेपर्यंत तिथून हलली नाही. लिहून ठेवतो आहे, कारण आमच्याकडं ले-आउट धडाधड पडत आहेत आणि त्यात पायी चालणाऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

नकाशा आणला होता प्लॉटवाल्या भाऊनं. ओट्यावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार ग्लास ठेवले. राज्यमार्गाच्या पलीकडं साडेसात एकरांत नवीन ले-आउट. आतल्या गल्ल्या ९ मीटरच्या, मधला रस्ता १२ मीटरचा, मागच्या कोपऱ्यात दहा टक्के ओपन स्पेस, तिन्ही बाजूंनी कंपाउंड आणि राज्यमार्गाकडं तोंड करून मोठी कमान.

“मंगळवारी नगररचनेत देऊन राह्यलो,” तो म्हणाला. “पाहा मास्तर, कसा वाटते.”

मी म्हटलं, “नकाशा चांगला आहे. पण इथली पोरं शाळेत कशी जातील?”

“कशी म्हणजे? गाडीवर जातीन.”

त्याच्या या एका वाक्यावरून सगळं सुरू झालं.

मला त्या क्षणी माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. नववीत आहे, आठवीत असताना तिला मानव विकास योजनेतून सायकल मिळाली होती. गेल्या पावसाळ्यात ती राज्यमार्गानं शाळेत येत होती. रस्ता नवाच, सिमेंटचा, आरशासारखा. पण त्या सिमेंटची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच. साइडपट्टीवर मुरूम टाकला होता, तो पहिल्या दोन पावसांत वाहून गेला. मागून टिप्परनं हॉर्न दिला, पोरगी घाबरून खाली उतरली. टिप्पर पुढं गेल्यावर ती सायकल पुन्हा वर घ्यायला गेली. पुढचं चाक त्या कडेला घासत गेलं, वर चढलंच नाही, आणि ती रस्त्यावर आडवी झाली. कोपराचं हाड मोडलं. मागं दुसरी गाडी नव्हती म्हणून ती आज माझ्या वर्गात बसते. सायकल आता त्यांच्या गोठ्याला टेकवलेली असते, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या ठेवतात.

हे मी सांगितलं तेव्हा ऑटोवाला म्हणाला, “मास्तर, वाईट झालं. पण आता सायकल चालवते कोण? दहावीतल्या पोट्ट्यालेबी गाडी पाह्यजे. अन् बाकीच्यायले मी पोचवतोच ना.”

पोस्टमन काका इतका वेळ गप्प होते. ३१ वर्षं टपाल वाटलं त्यांनी, सगळं सायकलवर. ते म्हणाले, “चालवते कोण? पोट्टी चालवते. मजूर चालवते. दूधवाला चालवते. जिनिंगवरचा चौकीदार चालवते. तुले थे दिसत नाही, काऊन की थे अंधारात निंगतेत अन् अंधारात येतेत.”

यावर ऑटोवाला काही बोलला नाही. त्याचं पोट त्या पोचवण्यावर आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा राग कोणी धरत नाही. पण ज्या मुलीकडं सरकारनं दिलेली सायकल आहे, तिच्या बापानं ऑटोचे पैसे भरायचे आणि सायकल गोठ्याला टेकवून ठेवायची, हे मला पटत नाही. सायकल दिली, पण ती चालवायला वाट दिली नाही.

प्लॉटवाला भाऊ व्यवहाराचा माणूस. तो म्हणाला, “फूटपाथ करा म्हणता. माह्या प्लॉटातले किती फूट गेले? गिऱ्हाईक येते थे रुंद रस्ता मागते. आजवर एकानंबी फूटपाथ कुठी हाय म्हणून विचारलं नाही.”

याचं उत्तर नकाशेवाल्यानं दिलं. तो नकाशे काढून देतो, त्यामुळे नियम त्याला तोंडपाठ. म्हणाला, “भाऊ, तुमचा एक फूटही जात नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १५० मीटरपर्यंतच्या गल्लीला ९ मीटर सोडावेच लागतात. ते तुम्ही सोडलेच आहेत. प्रश्न त्या ९ मीटरचं काय करायचं एवढाच आहे.”

मग त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर आडवा छेद काढला. आपल्याकडं काय होतं? मधोमध साडेतीन-चार मीटर डांबर किंवा सिमेंट, दोन्ही कडेला उघडी नाली, आणि मधली जी पट्टी उरते ती कोणाचीच नसते. तिथं रेतीचा ढीग पडतो, घराच्या पायऱ्या येतात, पाण्याची टाकी येते, मोटारसायकली लागतात. म्हातारा माणूस मग चालतो कुठून? रस्त्याच्या मधून. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या पादचारी निर्देशांत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ झाले. ९ मधून गेले, उरले ५.४. दोन कार हळू जाऊन एकमेकींना ओलांडतील एवढी जागा. नाली फूटपाथच्या पोटात, वरून ढापे.

“नालीवर ढापे तर तुम्ही टाकताच,” नकाशेवाला म्हणाला. “ते एका पातळीत टाका, एवढंच म्हणतो.”

“अन् ५.४ मीटरचा रस्ता पाहून गिऱ्हाईक पळून जाईन.”

इथं मी मधे पडलो. रस्ता रुंद दिसला की गाडी जोरात जाते, हे प्रत्येकानं पाहिलेलं आहे. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० ची गाडी ६० वर गेली की पोराला लागणारा मार चारपट. ले-आउटच्या आत ३० च्या वर गाडी जायची गरज काय? अरुंद रस्ता, प्रत्येक चौकात फूटपाथच्या उंचीचा सपाट उंचवटा, एवढं असलं तर गाडी आपोआप हळू होते. मग आतल्या गल्लीत सायकलसाठी वेगळा पट्टाही लागत नाही, सायकल त्याच रस्त्यावरून बिनघोर चालते. वेगळा पट्टा लागतो तो मोठ्या रस्त्याला. जिथं टिप्पर आणि एसटी धावते तिथं. आणि तिथंही नुसती पांढरी रेघ मारून भागत नाही, मधे उंच कठडा किंवा झाडांची रांग पाहिजे. रंगाला टिप्पर घाबरत नाही.

अंगणवाडीच्या ताई दूध घ्यायला आल्या होत्या, त्या हे ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमचे ढापे मी पाह्यले आहेत. एक वर, एक खाली, मधे हातभर फट. गरोदर बाई त्याच्यावरून जाईन का? अन् प्रत्येक घरापुढं गाडी चढवायचा उतार. फूटपाथ असला तरी तो दर तीस फुटांवर खाली जाते अन् वर येते. कडेवर पोट्टं घेऊन चालून पाहा एक डाव.”

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. फूटपाथ शहरांतही आहेत, पण लोक त्यावरून चालत नाहीत, कारण त्यावर चालणं म्हणजे चढ-उतार करणं. नकाशेवाल्यानं तिथल्या तिथं काढून दाखवलं: चालायची पातळी सरळ न्यायची, गाडीचा उतार फक्त रस्त्याकडच्या हातभर पट्टीत द्यायचा. फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर जाऊच द्यायची नाही. काकांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “याच्या वर असला तर मी रस्त्यानंच चालीन.”

काळ्या मातीचा मुद्दाही काकांनीच काढला. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती गिट्टी पसरून ब्लॉक बसवले तर दोन वर्षांत लाटा येतात. हात-दीड हात माती काढून मुरूम दाबून बसवावा लागतो. ज्याला फूटपाथ टिकवायचा आहे त्यानं हे पहिल्याच दिवशी करावं, मागून ब्लॉक उखडून दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.

ऑटोवाल्यानं मग खरा जोरदार मुद्दा मांडला, आणि तो खोडणं सोपं नव्हतं. “बांधा तुम्ही. सहा महिन्यांत त्याच्यावर ठेले लागतीन, गाड्या लागतीन. पुण्यात माहा साळा राह्यते. तिथं सायकलचे रस्ते बांधले होते, म्या पाह्यले, त्याच्यावर गाड्या उभ्या राह्यतेत. अन् मधातच संपतेत.”

बरोबर आहे त्याचं. पुण्यात असं बऱ्याच ठिकाणी झालं. पण त्यातूनच कळतं की तुकडा बांधून उपयोग नाही. सायकलचा रस्ता शाळेच्या दारापर्यंत गेला नाही तर त्यावर सायकल येणार नाही, आणि सायकल आली नाही की त्या जागी गाडी येणारच. शिवाय ठेलेवाला आणि ऑटोवाला यांना जागा ठेवली नाही तर ते कुठं जातील? फूटपाथवरच येतील. मी नांदेडचं सांगितलं. २००८ मध्ये शिखांच्या गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी तिथले मुख्य रस्ते नव्यानं केले, तेव्हा छेदातच फूटपाथ, सायकलची पट्टी, झाडं आणि ऑटो उभे राहायची जागा आधीपासून आखली होती. म्हणजे मराठी मुलखातल्या मध्यम गावात हे आखता येतं, त्यासाठी चंडीगडच लागतं असं नाही. पुढं ते राखणं ही गोष्ट वेगळी आणि अवघड, तेही मान्य.

“ऑटोले जागा ठेवतीन?” ऑटोवाल्यानं विचारलं.

“कमानीजवळ दोन ऑटोंची जागा आत्ताच काढतो,” नकाशेवाला म्हणाला आणि त्यानं खरंच काढली.

प्लॉटवाल्या भाऊला मात्र कायद्याचं ऐकायचं होतं. “करावंच लागते का हे?” मी सांगितलं की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, चांगला फूटपाथ मिळणं हा पायी चालणाऱ्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या कलमात, जगण्याच्या हक्कात, येतो. हे न्यायालयाला म्हणावं लागलं, कारण केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची नव्वद. आमच्या कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. ताईंनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्याही बसल्या.

मी हाउटनचंही सांगितलं. हॉलंडमध्ये उट्रेख्टजवळचं एक लहानसं खेडं. १९७१ मध्ये त्या देशात वर्षाला सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मरत होती, त्यांत चारशेच्या वर लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास हाउटनचं नवं शहर करायचं ठरलं, आणि आखणाऱ्यांनी मोटारीचा रस्ता गावाभोवती कड्यासारखा फिरवला. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत मोटारीनं जायचं तर आधी बाहेरच्या कड्यावर या, वळसा घाला, मग आत जा. सायकलवाला आणि पायी माणूस मात्र मधून सरळ. शाळा त्या मधल्या वाटेवर. आज तिथं पन्नासेक हजार लोक राहतात.

मला वाटलं होतं लोक म्हणतील, मास्तर, हॉलंडच्या गोष्टी नका सांगू. पण काका एकदम पुढं सरकले. “अरे, मंग हे तर आपल्या गावात होतंच! गाडीरस्ता वेशीबाहेरून अन् बोळ मधून. म्या ३१ वर्सं बोळाबोळातूनच टपाल वाटलं. मोठ्या रस्त्यानं गेलो असतो तर दिवसभरात अर्धंबी झालं नसतं.”

आणि त्यांनी नकाशावर वाकून ले-आउटच्या मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. “इथून पांदण जाते ना?”

प्लॉटवाला भाऊ थोडा घुटमळला. नकाशेवाल्यानं मोबाइलमध्ये गाव नकाशा काढला. होती. तुटक रेघांची पांदण, भाऊच्या शेताच्या धुऱ्यानं जाते, नाल्याच्या काठाला लागते आणि राज्यमार्गाच्या पुलाखालून निघून थेट जुन्या गावात शाळेच्या मागं उतरते. बैलगाड्या अजूनही त्या पुलाखालून जातात. लहानपणी आम्ही सगळे तिथूनच बोरं वेचायला जायचो. आणि नवीन कंपाउंडनं ती वाट ले-आउटमधल्या माणसाला बंद होत होती.

मी हिशेब केला. कमानीतून निघून राज्यमार्गानं, टिप्परच्या सोबतीनं, चौफुली ओलांडून शाळा सव्वादोन किलोमीटर. मागच्या भिंतीत वाट सोडली तर पांदणीनं एक किलोमीटरही नाही, आणि राज्यमार्ग ओलांडायचाच नाही, पुलाखालून जायचं. ज्या मुलीचा हात मोडला, तिला ही वाट असती तर ती त्या सिमेंटच्या कडेला गेलीच नसती.

आता वाद खरा पेटला. भाऊ म्हणाला, कंपाउंड हेच तर बॅनरवर छापलं आहे, भिंत फोडली तर लोक काय म्हणतील, गुरं आत येतील. ऑटोवाला म्हणाला, “गुरं तर कमानीतूनबी येतेत.” भाऊ म्हणाला, पावसात नाला भरतो, पांदणीत गुडघाभर चिखल. हे खरं आहे. नाला पुलाखालून भरून वाहतो असे वर्षातले आठ-दहा दिवस असतात, त्या दिवशी वरूनच जावं लागेल. चिखलाला मुरूम आहे. रोजगार हमीतून पांदण रस्ते करायची मातोश्री योजना २०२१ मध्ये आली होती, बाहेरचा भाग आता कुठल्या योजनेत बसतो का ते ग्रामपंचायतीत विचारता येईल, आतला तुकडा मात्र भाऊनं करायचा.

पण ताईंची हरकत सगळ्यात मोठी होती. “मास्तर, त्या सुनसान पांदणीनं मी माही पोरगी पाठवणार नाही.”

मी याचा विचारच केला नव्हता. माणूस पुरुष असला की वाटेचा अंधार त्याच्या हिशेबात येत नाही. मी विचारलं, “मग काय केलं तर पाठवाल?”

त्या म्हणाल्या, “घरायची तोंडं तिकडं करा. सगळे जण पांदणीकडं पाठ करतेत, मागून संडासाच्या खिडक्या. तिकडं अंगण असलं, बाया बसल्या असल्या, दिवा असला, तर पाठवीन. चार पोरी मिळून जातीन.”

नकाशेवाल्यानं खोडरबर काढलं. कोपऱ्यातली दहा टक्के ओपन स्पेस त्यानं पुसली आणि पांदणीच्या तोंडाशी आणून ठेवली. जागा तेवढीच, प्लॉट तेवढेच, फक्त सरकवले. कोपऱ्यात राहून जिच्यावर कचरा पडला असता ती जागा आता मैदान झाली. मैदानाच्या दोन बाजूंनी घरांची तोंडं, आणि मैदानातून तीन मीटरची वाट भिंतीबाहेर. वाटेच्या तोंडाशी तीन खांब, म्हणजे सायकल जाईल, ट्रॅक्टर अडेल. मधल्या १२ मीटरच्या रस्त्यालाही त्यानं छेद काढला: सहा मीटर गाडीला, दोन्हीकडं १.८ चा फूटपाथ, आणि मधे सव्वा-सव्वा मीटरच्या आतबाहेर झाडांची पट्टी. कडुनिंब आणि करंज. मे महिन्यात ४५ अंशांत सावली नसलेल्या फूटपाथवरून कोण चालतो? आमच्याकडं सावली ही फूटपाथची पहिली अट आहे, ब्लॉक नंतर.

भाऊ कितीतरी वेळ त्या पुसलेल्या कोपऱ्याकडं पाहत राहिला. कागदावर रबरानं पुसायला एक मिनिट लागलं. हेच घरं बांधून झाल्यावर करायचं तर मोर्चा काढावा लागेल, कोर्टात जावं लागेल, कोणाचा तरी ओटा फोडावा लागेल आणि आयुष्यभराचं वैर घ्यावं लागेल. ज्या ले-आउटमध्ये मी राहतो तिथं मी सहा वर्षं अर्ज करतो आहे. आमच्या आणि शेजारच्या ले-आउटमध्ये एक भिंत आहे. भिंतीपलीकडं दवाखाना दिसतो, पण माझ्या आईला तिथं जायला राज्यमार्गावरून वळसा घालावा लागतो. शेजारच्या जमिनीचे रस्ते जुळवून घ्या, असं नियमावलीत लिहिलेलं आहे. पण आमची भिंत आधीच उभी राहिली होती. ती आता कोणाच्या हातानं पडेल मला माहीत नाही.

भाऊनं सगळं मान्य केलं नाही. ९ मीटरच्या गल्ल्यांना दोन्हीकडं फूटपाथ देणार नाही म्हणाला, एकाच बाजूला देईन. यावर नकाशेवाला आणि तो अजून भांडत आहेत. कमान राहील, भिंतही राहील. पण भिंतीतल्या वाटेला तो “पाहू” म्हणाला, आणि आमचा भाऊ “पाहू” म्हणाला की तो खरंच जाऊन पाहतो.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. तुरीच्या तुराट्या अजून उभ्या होत्या, धुऱ्यावर बोरीचं झुडूप. ताई सोबत होत्या, त्यांची मुलगीही. भाऊनं आखणीसाठी चुन्याच्या फक्कीची पिशवी आणली होती. नकाशेवाल्यानं टेप धरला. काकांनी टेपकडं पाहिलंही नाही, पांदणीच्या एका काठाहून दुसऱ्या काठापर्यंत पावलं टाकली आणि म्हणाले, “माही सायकल, अन् समोरून बैलगाडी, दोघंबी जातो एवढी होती. आता अर्धी राह्यली.” मग भाऊनं वाकून भिंतीच्या आखणीवर फक्कीच्या दोन खुणा केल्या. मी टेप लावून पाहिला. दोन मीटर सत्तर भरलं.

“तीस सेंटिमीटर कमी हाय, काका,” ताईंची मुलगी म्हणाली.

भाऊनं एक खूण पायानं पुसली आणि पुढं सरकवली.